पत्र्यावर उगवलेली कॉफी: महाळुंगे ते ताम्हिणी, दोन दिवस

मंगळवार, १० मार्च २०२६. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. मी महाळुंग्यात, आमच्या रोस्टरीच्या मागच्या खोलीत, कॉफीच्या पाकिटांवर क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवत होतो. रोस्टरी म्हणजे कॉफी भाजायचा कारखाना, आणि कारखाना म्हणजे शेजारशेजारचे दोन गाळे. स्टिकर पाकिटाच्या खालच्या कडेपासून बरोबर दोन सेंटिमीटर वर हवा असा नियम आहे. नियम मीच केला आहे. त्र्याहत्तरावे पाकीट हातात असताना मालकांचा, म्हणजे अनिकेत सरांचा, फोन आला.

"सचिन, क्लायंटने स्क्रीनशॉट पाठवलाय. बघ आणि मला सांग, कॉफी पत्र्यावर उगवते का?"

हिंजवडीतल्या एका मोठ्या ऑफिसच्या कॅन्टीनला आमची कॉफी जाणार होती. त्यांची अट एवढीच, की कॉफी कुठून आली ते कळले पाहिजे. तेच तर आम्ही विकतो. पाकिटावर फोन धरला की शेतकऱ्याचे नाव, फोटो, तोडणीची तारीख आणि नकाशावर शेताचा लाल ठिपका दिसतो. ‘शेतापासून कपापर्यंत’ असे आमच्या भिंतीवर लिहिले आहे. क्लायंटच्या माणसाने नमुन्याचे पाकीट हातात घेऊन तो ठिपका मोठा करून बघितला. असे कोणी करेल असे ॲप बनवणाऱ्यांनाही वाटले नसावे. ठिपका एका निळ्या पत्र्याच्या छपरावर होता. ताम्हिणीच्या एका शेतकरी बाईच्या तोडणीच्या नोंदी एकोणीस, आणि एकोणीसही त्याच छपरावर.

आता माझा यात काय संबंध, तर शेतकऱ्याने फोनवरच्या ॲपमध्ये भरलेली नोंद तपासून ‘बरोबर’ हे हिरवे बटण दाबायचे काम माझे आहे. मी बारावी नापास आहे. ही नोकरी मला शुद्धलेखनावर मिळाली, कारण माझ्या आधीच्या माणसाने पाचशे पाकिटांवर ‘काँफी’ छापून आणले होते. त्या एकोणीस नोंदींचे ऱ्हस्व-दीर्घ मी स्वतः नीट केले होते. नकाशा उघडून बघायचाही असतो हे माझ्या लक्षात आले नव्हते.

सरांनी मुदत सांगितली. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत ठिपका खरा करून दाखवायचा. नाहीतर ताम्हिणीचा सगळा लॉट ‘मिक्स’च्या पोत्यात जाणार, म्हणजे इतर कॉफीत मिसळून, कमी भावाने, बिननावाचा. आणि जिचे शेत सिद्ध झाले नाही त्या बाईकडून पुढच्या वर्षी खरेदी बंद. "आणि तुझं आपण नंतर बोलू," असेही ते म्हणाले. हे वाक्य मी आधीच्या दोन नोकऱ्यांत ऐकलेले आहे.

अकरा वाजता दुचाकीवरून निघालो. ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी: महाळुंग्याहून माण, घोटवडे करत पौड रस्त्याला लागावे, म्हणजे शहरातली गर्दी टळते. हिंजवडीतली टळत नाही. पौडला एसटी स्टँडसमोर पोहे पंचवीस रुपये, बरे होते. पेट्रोल पौडलाच भरून घ्यावे. मी भरले, आणि टाकीचे झाकण लागले की नाही हे पुढे दोनदा थांबून बघितले. माले गाव सोडल्यावर उजव्या-डाव्या हाताला धरणाचे पाणी दिसू लागते आणि रस्ता त्या पाण्याच्या कडेने एवढी वळणे घेतो की आपण तेच पाणी चार वेळा बघतो. फोटोत दिसणारे धबधबे मार्चमध्ये नसतात. त्यांच्या जागी काळे डाग असतात. गर्दीही नसते, हा फायदा. साधारण पन्नास किलोमीटरला मला अडीच तास लागले, कारण मी चाळीसच्या वर जात नाही.

ठिपका सापडायला अजिबात त्रास झाला नाही. तंत्रज्ञान अचूक होते. निळा पत्रा, खाली ढाबा, बाहेर पाच टेबले, आणि दारात मालक, बाळूशेठ, बनियनवर उभे.

"जेवान का रूम?"

"दोन्ही. आणि एक विचारायचं होतं. इथं कॉफी पिकते का?"

"हितं चा मिळतो. कापी इचारणारी पावसाळ्यात येत्यात."

मी त्यांना नोंदींमधला एक फोटो दाखवला. स्टीलचा डबा, त्यात कॉफीची लाल फळे, मागे केचपची बाटली. फोटो शेतातलाच हवा असे ॲपमध्ये स्पष्ट लिहिलेले आहे, आणि ती बाटली मी एकोणीस वेळा बघून एकोणीस वेळा ‘बरोबर’ दाबले होते.

"ह्यो डबा सुमनकाकीचा," बाळूशेठ म्हणाले. "आन् बाटली माजी." त्यांनी तीन नंबरच्या टेबलावरून बाटली उचलून दाखवली. "रोज सांजच्याला यायची डबा घिऊन. हितं ठिवायची, फोटू काडायची, मंग फोन वर धरून हुबी. गेला का, गेला का, करत. गेला म्हंजी चा प्यायची."

"पण इथंच का?"

"मंग कुटं? रेंज हितंच येती. तीन नंबरला. दोनला बसलास तर न्हाई येत."

जेवता जेवता कळले की वरच्या वाडीचे सगळे जग या एका टेबलावरून चालते. पोरांचे अर्ज, बँकेचे ओटीपी, लग्नाच्या बोलाचाली, मयताचे निरोप. संध्याकाळी पाच ते सात हे टेबल गिऱ्हाइकाला मिळत नाही. पुण्याचे कोणी बसले असेल तर बाळूशेठ त्यांना पाच नंबरला उठवतात. फक्त एक चहा घ्यावा लागतो, पंधरा रुपये. पिठले-भाकरी एकशेवीस, ठेचा मागेल तेवढा.

मी तीन नंबरवर बसून एकोणीस फोटो तारखेप्रमाणे लावले. पहिल्या फोटोत बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. मग ती थोडी थोडी उतरत गेली आणि शेवटच्या फोटोत तळाला दोन बोटे उरली. एकही फोटो मागेपुढे नव्हता. मी हे वहीत लिहून घेतले. तारखा खऱ्या असल्याचा एवढा चांगला पुरावा आमच्या ॲपमध्येसुद्धा नाही.

चार वाजता वाडीकडे चढायला लागलो. पायवाट चाळीस मिनिटांची, मला पासष्ट लागली. पाणी बरोबर ठेवा. ढाब्यापासून दीडशे पावलांवर फोनची रेंज गेली. मी मोजत होतो.

सुमनकाकू अंगणात गोवऱ्या रचत होत्या. पन्नाशीच्या, बारक्या, डोक्यावर पदर. मी ओळख सांगितली तशी म्हणाल्या, "म्हंजी ‘बरोबर’ म्हणनारा तूच व्हय? मला वाटलं मोटा मानूस आसंल."

मी त्यांना नकाशावरचा ठिपका दाखवला.

"ह्यो तर बाळ्याचा पत्रा. आदीचा वाऱ्यानं उडाला, मंग ह्यो निळा टाकला."

"काकू, ॲप म्हणतंय तुमचं शेत इथं आहे."

"ॲप आलं व्हतं का बघाया?"

"नाही."

"मंग त्याला काय ठावं?"

शेत घराच्या मागच्या उतारावर होते. फणस आणि हिरड्याच्या सावलीत कॉफीची साडेपाचशे झुडपे, माणसाच्या खांद्याएवढी. जिथे पाणी दिले होते तिथल्या फांद्यांवर पांढरी फुले आली होती, वास मोगऱ्याच्या जवळपासचा. मी अनेक महिने कॉफीच्या पाकिटांवर ‘फुलांचा हलका सुगंध’ असे छापून घेतो आहे. फूल पहिल्यांदाच बघितले.

झाडे आली कशी, तर खाली एका बंगलेवाल्या साहेबांनी हौसेने रोपे आणली होती. हौस फिटली आणि बंगला विकला गेला. काकूंचे यजमान, धोंडिबाकाका, तिथे माळी होते. नवा मालक लॉन करायला रोपे उपटत होता, तेव्हा त्यांनी ती पाटीने वर आणून लावली. काका आता पिरंगुटला एका कंपनीत रखवालदार आहेत, आठवड्याला येतात. तोडणी काकू एकट्या करतात. फळे ताडपत्रीवर वाळवतात आणि खालच्या भाताच्या गिरणीतून साल काढून घेतात. गिरणीवाला आधी भात संपवतो, मग काकूंची कॉफी घेतो, कारण नंतरच्या भाताला वास लागतो.

"माजी जाऊ म्हनती येडी झालीस," काकू म्हणाल्या. "तिनं तिचा वाटा इकला. माजा उतार कुनी घेतला न्हाई, म्हनून ऱ्हायला. आता ती म्हनती, झाडाखाली काळं बी येचून कुनी मोटं झालंय का? तिला दावायचं हाय मला. फोन लावला की माजं नाव आलं पायजे, बास. न्हाईतर मी तरी कशाला रोज उतरत व्हते?"

एकोणीस वेळा खाली, एकोणीस वेळा वर. त्या नावाच्या आड फक्त मी आणि माझे हिरवे बटण उभे होतो.

मी कामाला लागलो. उपग्रहावरून ठिकाण कळायला रेंज लागत नाही, हे मला माहीत होते. फोनच्या होकायंत्रात अक्षांश-रेखांश दिसत होते. शेताच्या चार कोपऱ्यांवर उभे राहून ते वहीत उतरवले, दोनदा ताडले. पण ॲपमधले ‘लोकेशन घ्या’ हे बटण रेंजशिवाय करडेच राहते. आणि रेंज आली की ते आपण त्या क्षणी जिथे असू तिथले ठिकाण घेते. म्हणजे बटण शेतात दाबता येत नाही, आणि जिथे दाबता येते तिथे शेत नाही.

काकूंनी तोवर कॉफी केली. तव्यावर भाजून, कुटून, गूळ, सुंठ आणि म्हशीचे दूध. मी आमचे पाकीट भेट म्हणून नेले होते. ते त्यांनी हुंगले. "जळालीय," म्हणाल्या. "केवड्याला इकता?" मी उत्तर द्यायचे टाळले. पाव किलोचे चारशे ऐंशी रुपये हा आकडा त्या घरात मोठ्याने म्हणावासा वाटला नाही.

कप ठेवताना मला भिंतीवरचे कॅलेंडर दिसले. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने ‘दूद ४’, ‘ग्यास आला’, आणि मध्येमध्ये ‘कापी २३ किलो’, ‘कापी ३१’. जानेवारी आणि फेब्रुवारी मिळून एकोणीस नोंदी. मी त्या ॲपमधल्या नोंदींशी लावून बघितल्या. तारखा तंतोतंत, वजन तंतोतंत. एका ठिकाणी दोन किलोचा फरक होता. तिथे काकूंनी लिहिले होते, ‘मुंग्या लागल्या, टाकली’. ॲपमध्ये मुंग्यांसाठी रकाना नाही.

मुक्काम बाळूशेठकडे केला. खोली पाचशे रुपये, पावसाळ्यात दीड हजार. चादर स्वच्छ होती, तरी मी माझी अंथरली.

बुधवारी सकाळी नऊला मी तीन नंबरच्या टेबलावरून ॲपच्या मदत केंद्राला फोन लावला. काकू समोर बसल्या होत्या, बाळूशेठ फडके घेऊन आसपास. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होते.

"सर, तुम्ही शेतात उभं राहून ‘लोकेशन घ्या’ दाबा," पलीकडची मुलगी म्हणाली.

"शेतात रेंज नाही."

"मग सर, रेंज असेल तिथे जाऊन दाबा."

"तेच केलं होतं."

"मग बरोबर आहे की, सर."

बाळूशेठना हसू आवरेना. मी वहीतले आकडे सांगतो म्हणालो, तर हाताने आकडे भरता येत नाहीत, कारण लोक खोटे भरतात. कॅलेंडरचा फोटो पाठवू का विचारले, तर कॅलेंडर त्यांच्या सिस्टिममध्ये नाही. अकरा मिनिटे थांबवून तिने तोडगा आणला. ठिपका हलवता येणार नाही, पण ठिपक्याचा प्रकार बदलता येईल. ‘शेत’ऐवजी ‘संकलन केंद्र’ निवडायचे. केंद्राला पत्रा चालतो. फक्त पाकिटावरचा कोड उघडला की केंद्रचालकाचे नाव आणि फोटो दिसेल. शेतकऱ्याचे नाव आत, ऑफिसच्या नोंदीत राहील.

मी सरांना फोन केला.

"कर ना मग," ते म्हणाले. "हिरवं झालं की विषय संपला."

"पण सर, लोकांना बाळूशेठ दिसतील. कॉफी सुमनकाकूंची आहे."

"बाळू? छान आहे. कॅची आहे. कर."

फोन ठेवला.

"माजा फोटू कशाला?" बाळूशेठ पहिले बोलले. ते खरोखर घाबरले होते. "मी कापी पीत बी न्हाई. मला जळजळ व्हती. काकी, मी न्हाई बसनार फोटूला."

"बस गप," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पैसं कुनाच्या खात्यात येत्याल?"

"तुमच्याच. त्यात बदल नाही."

"आन् न्हाई केलं तर?"

मी खरे ते सांगितले. मिक्सचे पोते, कमी भाव, पुढच्या वर्षी बंद. माझ्या नोकरीचे सांगितले नाही. तो भाव त्यात धरायला नको वाटला.

काकूंनी चहा संपवला. बशी पालथी घातली. "लाव बाळ्याचं थोबाड," म्हणाल्या. "पर ऐक. नाव पायजे मला. ॲपात बसत न्हाई तर पिशवीवर लिव. तुला लिवता येतंय ना?"

"येतं."

"एकावर नगं. समद्यांवर."

तीनशेवीस पाकिटे. मी हो म्हणालो. हो म्हणून झाल्यावर मालकांना विचारले नाही हे आठवले.

बाळूशेठनी शर्ट घातला, केस ओले केले आणि तीन नंबरवर ताठ बसले. फोटोत मागे केचपची नवी, भरलेली बाटली आली आहे. तोडणीचा नवा हंगाम सुरू झाल्यासारखी.

निघताना काकूंनी पिशवीतून कॅलेंडरची दोन पाने काढली. सकाळीच फाडून आणली होती. "हे ने. तुजा सायेब न्हाई म्हनला तर दाव. पर जानेवारीचं पान परत आन बाबा. त्याच्यावर म्हस भरवल्याची तारीख हाय. ती हरवली तर व्यायची कदी ते कळायचं न्हाई."

मी पाने प्लास्टिकच्या फाईलमध्ये घातली, फाईल शर्टाच्या आत. पौडपर्यंत सात वेळा चाचपली.

शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी ठिपका हिरवा झाला. क्लायंटने लिहिले की प्रत्यक्ष केंद्र बघून समाधान वाटले. बघितला त्यांनी नकाशावर तोच पत्रा.

त्या दिवसापासून मी प्रत्येक पाकिटाच्या मागे, खालच्या कडेपासून दोन सेंटिमीटर वर, काळ्या पेनाने लिहू लागलो: ‘ही कॉफी ताम्हिणीच्या वरच्या वाडीतल्या सुमन धोंडिबा यांनी पिकवली.’ तासाला तीस पाकिटे होतात. सरांना कळले तेव्हा दोनशेच्या वर झाली होती, आणि पहिली शंभर कॅन्टीनला पोहोचलीही होती. त्यांनी एक उचलले, वाचले, आणि आता ते ‘नंतरचे’ बोलणे होणार म्हणून मी उभा राहिलो. पण त्यांच्या फोनवर आधीच काही तरी आले होते. कॅन्टीनमध्ये कोणीतरी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता. हाताने लिहिलेले आहे, म्हणजे खरे असणार, असे तिथल्या लोकांचे म्हणणे.

कोड किती जणांनी उघडला याची यादी ॲप देते. आठवड्यात सात जणांनी. त्यातले चार मी.

"पुढच्या लॉटला सगळ्यांवर लिही," सर म्हणाले. "तीस रुपये वाढवू पाकिटाला. फक्त अक्षर जरा वाकडं काढ. हे छापल्यासारखं दिसतंय."

मी म्हणालो, ते तीस रुपये काकूंचे. सर म्हणाले, बघू. मी म्हणालो, तर मग अक्षर सरळच येईल. एवढे उलट मी आयुष्यात कोणाला बोललो नाही.

एक पाकीट मी एसटीच्या पार्सलने बाळूशेठच्या पत्त्यावर पाठवले होते. परवा संध्याकाळी सव्वापाचला काकूंचा फोन आला. वेळेवरून कळले कुठून बोलत आहेत.

"फोन लावला तर बाळ्या आला. जाऊ पोट धरून हासली. मंग मी पिशवी उलटी केली. तिनं वाचलं. दोनदा वाचलं. मंग इचारती, पेनानं हाय का छापलंय? मी म्हनलं, हात लावून बघ."

"मग?"

"बघितला. आन् ऐक, बाळ्या कापी प्याया लागलाय. म्हनतो, माजीच हाय म्हनल्यावर प्याया पायजे. जळजळ व्हती त्याला. तरी पितुया. बरं, माजं पान?"

खर्च: पोहे २५, पेट्रोल ४००, दोन जेवणे २४०, खोली ५००, तीन नंबरच्या टेबलावरचे नऊ चहा १३५, पेने तीन ३०, पार्सल ५०. एकूण १३८०. कंपनीकडून मिळाले ४००.

येणे: पाकिटामागे तीस रुपये, काकूंच्या नावाने. सर अजून बघत आहेत. मी दर सोमवारी आठवण करतो.

देणे: जानेवारीचे पान. पोस्टाने पाठवायचे नाही, हाताने नेऊन द्यायचे, म्हैस व्यायच्या आत.